रात्रपाळीची वही

॥ श्री ॥
जळगाव,
१८ जानेवारी

चि. चिमणीस मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझा परवाचा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. एकदा मी, एकदा मामीला ऐकवायला आणि तिसऱ्यांदा रात्री गच्चीवर एकट्यानं. मामीचं सगळं लक्ष तू मधेच खोकलीस तिकडे. माझा जीव अडकला तो एका वाक्यात. तू म्हणालीस, "मामा, मार्चअखेर डिझाइनपासून मशीनपर्यंत सगळं जोडून टाकायचंय. मधे माणसाचा हातच लागणार नाही." किती हरखून सांगत होतीस! धुळ्याच्या गल्लीत मांज्यासाठी भांडणारी पोर हॅम्बुर्गला पंपांच्या कारखान्यात बसून कंप्युटरांना एकमेकांशी बोलायला शिकवते, याचा आनंद मला नाही तर कुणाला होणार? पण त्या रात्री झोप लागली नाही, हेही खरं. फोनवर सांगायला जावं तर तू "हो मामा, कळलं मामा" म्हणतेस आणि मागे तुमच्या मेट्रोची घोषणा सुरू होते. म्हणून पत्र. तुझ्या मामेभावाकडून टाइप करून घेऊन मेलनं पाठवतोय, तरी पत्र समजूनच वाच. घाईत नको.

आधी इकडची खबरबात. तुझी आई बरी आहे. थंडीत गुडघा धरतो, पण देवळात जाणं सोडत नाही. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातला पारा पेपरच्या पहिल्या पानावर यायला लागला, म्हणजे थंडी कशी आहे ते समज. गेल्या रविवारी शेतात भरिताचा बेत केला. बामणोदची वांगी, कपाशीच्या काड्यांवर भाजलेली, बडगीत ठेचलेली. सोबत कळण्याची भाकरी. तुझ्या आईनं पहिला घास घेतला आणि म्हणाली, "पोरगी तिकडे काय खात असेल?" झालं, अर्ध्या लोकांचं जेवण तिथेच थांबलं. मेहरूणची बोरं आलीत. ती पाठवता येत नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल जास्त लिहीत नाही.

आता मूळ गोष्ट. तुला वाटेल, मामा आयुष्यभर टूलरूममध्ये पोलाद खरडत बसला, त्याला या जोडाजोडीतलं काय कळणार? सॉफ्टवेअरमधलं नाही कळत, कबूल. पण दोन खात्यांच्या मधल्या जागेत मी पस्तीस वर्षं उभा होतो. धुळ्याच्या आयटीआयमधून निघालो आणि १९८४ साली जळगाव एमआयडीसीत लागलो, तेव्हा इथे नुसता धडाका होता. भवरलालजी जैनांनी १९८० साली पीव्हीसी पाइप काढायला सुरुवात केली होती, पुढे ठिबक आलं, आणि त्यांच्या मागोमाग पाइपवाले, चटईवाले, साचेवाले असं सगळं गाव प्लॅस्टिकमध्ये उतरलं. लोकांना शेतातली काळी नळी तेवढी दिसते. त्या एका नळीला टेक-ऑफ लागतो, ग्रोमेट लागतो, जॉइनर, एंड कॅप, व्हॉल्व्ह, फिल्टर लागतं. प्रत्येक भागाला वेगळा मोल्ड. आणि मोल्ड म्हटला की टूलरूम आली, ड्रॉइंग आलं, आणि ड्रॉइंगवरून होणारी भांडणं आली.

जुनं ते सोनं असं मी म्हणणार नाही, घाबरू नकोस. जुनं फार वाईट होतं. ट्रेसिंग पेपरवर शाईनं काढलेलं ड्रॉइंग. माप बदललं की ड्राफ्ट्समन ब्लेडनं शाई हळूच खरवडायचा आणि वर नवीन आकडा लिहायचा. मग अमोनिया प्रिंट काढायची, तिचा वास दिवसभर नाकातून जात नसे. एक प्रिंट टूलरूमला, एक क्वालिटीला, एक स्टोअरला. नवी प्रिंट आली की जुनी फाडायची, असा नियम. पण माणूस जुनी प्रिंट फाडत नाही गं. तिच्यावर त्यानं पेन्सिलीनं चार गोष्टी लिहिलेल्या असतात. तो ती घडी करून कपाटाच्या दाराला आतून चिकटवतो. एकदा असंच जुन्या प्रिंटवरून एक आख्खी पाळी माल निघाला. दुसऱ्या दिवशी मालकांनी काही न बोलता त्या पोत्यांकडे फक्त बघितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पुढे नव्वदच्या दशकात ऑटोकॅड आलं. आम्हाला वाटलं, सुटलो. कसलं काय! एका कंप्युटरवर ड्रॉइंग काढायचं, ते कागदावर छापायचं, आणि तोच कागद समोर ठेवून ऑपरेटरनं मशीनच्या पॅनेलवर एकेक आकडा बोटानं टाकायचा. दशांश चिन्ह एक घर सरकलं की टूल धाडकन जॉबमध्ये. दोन कंप्युटरांच्या मधे एक कागद आणि एक थकलेलं बोट. अमेरिकेत जोसेफ हॅरिंग्टन नावाच्या माणसानं १९७३ सालीच 'कंप्युटर इंटिग्रेटेड मॅन्युफॅक्चरिंग' नावाचं पुस्तक लिहून ठेवलं होतं, की ही सुटी सुटी बेटं जोडा. ते वारं आमच्या शेडमध्ये पोहोचायला तीस वर्षं लागली. म्हणजे तू करतेस ते काम व्हायलाच हवं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझी काळजी वेगळी आहे, आणि ती सांगायची तर मला माझी एक चूक सांगावी लागेल. ती आजवर मामीलाही सांगितलेली नाही.

कारखान्याचं नाव नको. फिल्टरच्या झाकणाचा मोल्ड होता. पॉलिप्रॉपिलिनचं झाकण, आटे असलेलं. तुला माहीतच आहे, प्लॅस्टिक थंड होताना आकसतं, म्हणून मोल्ड थोडा मोठा कापायचा. त्या ग्रेडला आम्ही १.८ टक्के धरत होतो. म्हणजे ५० मिलिमीटरचा भाग हवा तर पोलादात ५०.९ कापायचं. पूर्वी असं व्हायचं : ड्राफ्ट्समन ड्रॉइंग घेऊन टूलरूममध्ये यायचा, आम्ही चहा मागवायचो, मी ड्रॉइंग टेबलावर पसरून पहिला प्रश्न विचारायचो, "श्रिंकेज धरलंय का धरायचंय?" तो म्हणायचा, "धरायचंय." मग आम्ही धरायचो. हा प्रश्न कुठल्या नियमाच्या पुस्तकात नव्हता. चहाबरोबर यायचा.

मग डिझाइनचं नवं सॉफ्टवेअर आलं आणि टूलरूमच्या कंप्युटरला केबलनं जोडलं गेलं. मॉडेल थेट यायला लागलं. केवढी सोय! डिझाइनच्या पोरानं नव्या सॉफ्टवेअरमध्ये श्रिंकेज आधीच टाकलं, कारण तिथे तशी सोय होती. टूलरूमच्या प्रोग्रॅमरनं नेहमीच्या सवयीनं मॉडेल १.०१८ नं मोठं केलं, कारण तो वर्षानुवर्षं तेच करत होता. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर. पोलादात ५०.९ च्या जागी ५१.८ कापलं गेलं. मशीननं तर मायक्रॉनपर्यंत अचूक कापलं, त्याची काही तक्रारच नाही. पहिलं झाकण बाहेर आलं, मी ते फिल्टरवर ठेवलं आणि ते गोल गोल फिरत राहिलं. आटा धरेचना. मी ते दोनदा काढून पुन्हा बसवलं, जणू माझ्या हाताची चूक असावी. पोलाद कमी कापलं असतं तर पुन्हा कापता आलं असतं. जास्त कापलेलं परत कुठून आणायचं? ब्लॉक भंगारात गेला.

जॉब कार्डवर सही माझी होती. मालकांना मी सांगितलं की सॉफ्टवेअरचा घोळ झाला. घोळ सॉफ्टवेअरचा नव्हता, चिमणे. तो प्रश्न मी विचारलाच नव्हता. ड्रॉइंग घेऊन माणूसच आला नाही, चहा मागवला नाही, टेबलावर काही पसरलं नाही, मग प्रश्न कुठून आठवणार? केबल आली आणि प्रश्न गेला. इतक्या वर्षांत तो प्रश्न कुणी कुठे लिहूनच ठेवला नव्हता.

तुझं "मधे माणसाचा हातच लागणार नाही" ऐकून मला ते गोल फिरणारं झाकण दिसलं.

माझी लहान शेडमधली गोष्ट म्हणून सोडून देशील, म्हणून तुझ्याच गावाची सांगतो. एल्बेच्या काठी फिंकेनवेर्डरला विमानांचा कारखाना आहे ना, तू फोटो पाठवला होतास बोटीतून काढलेला. तिथे एअरबसच्या ए-३८० या दुमजली विमानाच्या धडाचे पुढचे-मागचे भाग तयार होत आणि बोटीनं फ्रान्सला जात. तुलूझला सगळं विमान जुळे. एका विमानात सुमारे ५३० किलोमीटर वायर. जळगावहून मुंबई गाठून वर उरेल इतकी. हॅम्बुर्गहून वायरींचे जुडगे बसवून भाग निघाले, आणि तुलूझला जोडायला घेतले तर वायरी पुरेनात. कुठे बोटभर, कुठे चार बोटं कमी. कारण काय, तर जर्मनी आणि स्पेनमधली मंडळी कॅटिया सॉफ्टवेअरच्या चौथ्या आवृत्तीवर काम करत होती, फ्रान्स आणि इंग्लंडची पाचव्या. सॉफ्टवेअर एकाच कंपनीचं, नाव एकच, आणि तरी एकात केलेला बदल दुसऱ्यात धड उतरत नव्हता. वळणावर वायरला किती लांबी जास्त लागते, याचा हिशोब जुळला नाही. २००६ साली आधी जूनमध्ये आणि मग ऑक्टोबरमध्ये उशीर जाहीर करावा लागला. पहिलं विमान सिंगापूर एअरलाइन्सला मिळालं ऑक्टोबर २००७ मध्ये, जवळपास दोन वर्षं उशिरा. नुकसान अब्जावधी युरोंचं. आणि दुरुस्ती कशी केली, माहिती आहे? हॅम्बुर्गचे शेकडो कामगार तुलूझला जाऊन राहिले आणि त्यांनी विमानाच्या पोटात शिरून हातानं वायरी बसवल्या. माणसाचा हात लागलाच शेवटी.

एका सॉफ्टवेअरमधलं मॉडेल दुसऱ्यात न्यायला तुमच्याकडे आता स्टेप फाइल आहे, मला माहिती आहे. भाचेजावयासारखा तिचा मान असतो सगळीकडे. १९९४ सालापासून ती आंतरराष्ट्रीय मानकात आहे, आणि आकार ती इमानदारीनं पोचवते. पण डिझायनरनं ते माप तसं का ठेवलं, हे तिच्यातून जात नाही. मापाची सूट, कोपऱ्यातली टीप, हे २०१४ च्या सुधारित मानकात धाडता येतं म्हणे. पण पलीकडच्या सॉफ्टवेअरला ते वाचता यायला हवं ना? तू फक्त एवढं कर : एक खराखुरा भाग, टिपा-बिपांसकट, इकडून तिकडे पाठव, तिकडून परत माग, आणि दोन्ही शेजारी ठेवून स्वतःच्या डोळ्यांनी बघ. काय गळलं ते कळेल. सॉफ्टवेअर विकणाऱ्याच्या नमुन्यातला भाग घेऊ नकोस. तो त्यानं घोटून ठेवलेला असतो.

मधेच आठवलं म्हणून सांगतो. आबांच्या शेताच्या पीकविम्याचं घोडं अजून अडलेलंच आहे. सातबाऱ्यावर त्यांचं नाव वडिलांच्या नावासकट आहे, आधारवर आडनाव आधी आहे, बँकेत इंग्रजी स्पेलिंगमधला एक 'एच' गळालाय. आबा एकच, जमीन तीच, सही तीच. पण तीन कंप्युटरांच्या मते ही तीन वेगळी माणसं. पूर्वी गावात कोतवाल सांगायचा, "हे तेच, अण्णांचे थोरले," आणि काम व्हायचं. आता कोतवालाला कुणी विचारत नाही आणि कंप्युटरला आबा ओळखू येत नाहीत.

कारखान्यात अगदी असंच असतं. आमच्याकडे १६ मिलिमीटरच्या नळीचा ग्रोमेट डिझाइनच्या यादीत एका नंबरनं, स्टोअरमध्ये दुसऱ्या, आणि विक्रीच्या बिलावर तिसऱ्याच नावानं. स्टोअरकीपर त्याला नुसतं 'रबर' म्हणायचा. सगळ्या खात्यांचा हिशोब एकत्र ठेवणारं ईआरपी सॉफ्टवेअर बसलं त्या महिन्यात कंप्युटरनं सांगितलं की ग्रोमेट शिल्लक नाही, खरेदीनं नवी ऑर्डर टाकली, आणि 'रबर' मात्र रॅकवर पोत्यांनी पडलेलं. स्टोअरकीपरला कुणी विचारलंच नव्हतं. त्याला रागही आला नाही, तो म्हणाला, "मला वाटलं, तुमच्या कंप्युटरला माहीत असेल." तेव्हा तार जोडण्याआधी बारशाचं काम कर. कुठल्या भागाला कोण काय नावानं हाक मारतं, ते प्रत्येक खात्यात जाऊन विचार. कंटाळवाणं आहे, खूप दिवस लागतात, आणि त्याचं कौतुक कुणी करत नाही. तुझा साहेब म्हणेल, हे काय करत बसलीस? करू दे बोंबाबोंब.

आबांवरून निघालं म्हणून. अमळनेरला १९४५ साली प्रेमजींनी वनस्पती तुपाचा कारखाना काढला, तीच कंपनी पुढे विप्रो झाली, कंप्युटरवाली. ज्या अमळनेरकरांनी तेव्हाचे शेअर सांभाळून ठेवले त्यांच्या घरात आज काय आहे, ते तुला माहिती आहे. आपल्या आबांनी शेअर घेतले नाहीत, डबा घेतला. त्या डब्यात अजून तुळस आहे. तेव्हा खानदेशातल्या माणसाला कंप्युटर नवा आहे असं तिकडे कुणी म्हणालं, तर त्याला तेलापासून सुरुवात करून सांग.

आता वहीची गोष्ट, जिच्यासाठी खरं तर एवढं लांबण लावलं. मी टूलरूममधून पुढे नळीच्या एक्स्ट्रूजन लाइनवर देखरेखीला गेलो. तिथे रात्रपाळीला एक साक्रीकडचे ऑपरेटर होते, माझ्याहून वयानं मोठे. शिक्षण चौथीपर्यंत. खिशात एक छोटी वही, तेलानं पिवळी पडलेली, पेन्सिल दोऱ्यानं बांधलेली. कंपनीनं लाइन सेंट्रल कंप्युटरला जोडली. डिझाइनवाले नळीची जाडी ठरवणार, कंप्युटर त्यावरून तापमान, वेग, ओढ सगळं ठरवून मशीनला धाडणार, आणि ऑपरेटरनं बदल करू नये म्हणून पॅनेलला पासवर्ड. डिसेंबरमध्ये चाचण्या झाल्या. नळी अशी निघाली की बघत राहावी. पेढे वाटले.

मे उजाडला. जळगावचा मे तुला सांगायला नको, ४५ अंशांत कावळाही बोलत नाही. त्या आठवड्यात दिवसपाळीवर असलेले ते ऑपरेटर दुपारी मी लाइनशेजारून जाताना मला म्हणाले, "सायेब, पानी तपेल शे. पाइप चपटा व्हई जाई." नळी ज्या टाकीतून थंड होत जाते तिचं पाणीच तापलेलं. नळी मऊ राहते, गुंडाळी केली की स्वतःच्या वजनानं दबते. त्यांना लाइन हळू करायची होती, आणि पासवर्ड त्यांच्याकडे नव्हता. मी ऑफिसात फोन केला. ऑफिसातला मुलगा एसीत बसून म्हणाला, "सिस्टिममध्ये सगळं हिरवं आहे." संध्याकाळपर्यंत चपट्या नळीच्या गुंडाळ्या भिंतीला लागल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला ती वही उघडून दाखवली. पान मे महिन्याचं. अक्षर मोठं, वाकडं : 'दु. १२ ते ५. टाकी गरम. स्पीड कमी. रात्री २ नंतर परत वाढव.' खाली पावसाळ्याचं पान, लाइट गेल्यानंतर बॅरल परत तापायला किती वेळ द्यायचा ते. त्याखाली कुठल्या महिन्यात कुठला दाणा ओलसर येतो ते. नऊ वर्षांचं लिहिलेलं होतं. डिसेंबरात चाचण्या करणाऱ्या माणसाला मे कुठून कळणार? कंप्युटरचं ज्ञान एका हिवाळ्याचं, वहीचं नऊ उन्हाळ्यांचं. आणि आम्ही वहीवाल्या माणसाचाच हात बांधून ठेवला होता.

पुढे काय केलं, तेही सांगतो, म्हणजे मामा नुसता रडगाणं गातो असं वाटायला नको. टाकीच्या पाण्यात तापमापक बसवला आणि त्याचा आकडा कंप्युटरला दिला. त्या वहीची मे ते जूनची पानं ऑफिसातल्या त्याच मुलाला माझ्यासमोर बसवून उतरवायला लावली. ऑपरेटरला ठरावीक मर्यादेत वेग बदलायची मुभा दिली, पण बदलला की कारण लिहायचं, आणि ते कारण डिझाइनच्या टेबलापर्यंत गेलंच पाहिजे. हे शेवटचं सगळ्यांत अवघड गेलं. वरून खाली यायला सगळ्या वाटा असतात. खालून वर काही जायचं म्हटलं की 'त्यासाठी वेगळं मॉड्यूल लागेल' असं उत्तर येतं. तुलाही येईल. मॉड्यूल नसेल तर एक्सेल शीट ठेव, तीही नसेल तर वही ठेव, पण खालून वर जाणारी वाट मार्चच्या आतच करून घे. नंतर कुणी करत नाही.

धुळ्याला शाळेत जाताना राजवाडे संशोधन मंडळावरून जायचीस, आठवतं? इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव, वाड्यावाड्यांत हिंडून जुनी दप्तरं गोळा करायचे. घरच्यांना ती रद्दी वाटायची. १८९८ साली त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, पुढे असे बावीस झाले, आणि त्यांचा शेवटही धुळ्यातच झाला, १९२६ च्या ३१ डिसेंबरला. तुझ्या कारखान्यातही अशी दप्तरं असतील बघ. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेल्या प्रिंट, मशीनच्या कव्हरवर खडूनं लिहिलेला आकडा, कुणाच्या तरी खिशातली वही. जर्मन माणूस फार शिस्तीचा, त्याच्याकडे असलं काही नसेल, असं तू म्हणशील. मला नाही पटत. मशीन आलं तिथे माणूस आला, आणि माणूस आला की वही आलीच.

त्यासाठी एक आठवडा रात्रपाळी कर. दिवसा साहेब असतात, रात्री खरं बोलतात. भाषा अडली तर अडू दे, मशीनशेजारी उभं राहिलं की बोटानं दाखवूनसुद्धा खूप कळतं. पहिल्या रात्री काही विचारू नकोस, नुसती उभी राहा. दुसऱ्या रात्री घरचं काहीतरी खायला ने, चिवडा ने. तिसऱ्या रात्री तो आपणहून सांगेल की कंप्युटर कुठे चुकतो. आणि मशीनजवळ जाताना केस घट्ट बांध, गळ्यात मफलर अजिबात नको, अंगठी काढून ठेव. तू थंडीची म्हणून मफलर सोडत नाहीस, हे मामीनं फोटोत बघितलंय. मशीनच्या फिरत्या चकला तू पंपवाल्यांची इंजिनिअर आहेस की कोण, हे कळत नाही.

आणि जुनी पद्धत एका रात्रीत बंद करू नकोस, साहेबानं कितीही तारीख दिली तरी. एकच पंप निवड, तोही साधा, आणि काही आठवडे दोन्ही रस्त्यांनी चालव. जुन्या रस्त्यावरचा माणूस कुठे थांबतो, कुणाला काय विचारतो, ते शेजारी बसून उतरवून घे. त्याला काढणार आहात म्हणून त्याच्याशी तुटक वागू नकोस. चाळीस वर्षं तो जे विचारत होता ते तुला त्याच्याकडूनच घ्यायचं आहे, आणि तो पुढच्या वर्षी निवृत्त होऊन बागकाम करत असेल.

फार लिहिलं. मामी म्हणते, पोरीला नोकरी करू द्या, भाषण नको. तिचंही बरोबर. तुझा खोकला कसा आहे? हळद-दुधाला तिकडे सोन्याचा भाव असतो म्हणे, पैशाकडे बघू नकोस. मार्चचं काम उरकलं की एप्रिलमध्ये आखाजीला ये. तुझी आई आतापासूनच विचारतेय, आणि झोक्याचा दोर मी बदलून ठेवलाय, जुना कुजला होता.

उत्तर सवडीनं लिही. पण त्या रात्रपाळीच्या माणसाला नक्की भेट, आणि त्याचं नाव मला कळव.

तुझा,
मामा

ता. क. : साक्रीच्या त्या ऑपरेटरांची वही माझ्याकडेच आहे. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी दिली. आखाजीला आलीस की दाखवतो. पेन्सिल अजून दोऱ्याला बांधलेली आहे.